रात्री अडीचला सेन्सर ‘शुगर लो’ म्हणून ओरडतो आणि ग्लुकोमीटर म्हणतो सगळं ठीक: आमच्याकडे सापडलेलं कारण

ज्यांच्या घरी दंडावर लावायचा शुगरचा सेन्सर आहे आणि तो मध्यरात्री विनाकारण बोंबलतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दिवसा अगदी शहाण्यासारखा वागणारा सेन्सर रात्री का बिघडतो, हे कळायला आम्हाला चार महिने आणि सहा-सात सेन्सर लागले. तुमचे तेवढे पैसे आणि तेवढी झोप तरी वाचावी.

आधी घरची परिस्थिती सांगते. आई ७१ वर्षांची आहे. टाइप २ डायबेटीसला वीस वर्षं झाली आणि गेली सहा वर्षं ती सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी मिक्स इन्सुलिन (पटकन आणि हळू चालणारं एकत्र) घेते. आम्ही परळला राहतो, चाळीच्या जागी झालेल्या इमारतीत. खोली एकच, तिच्यात दिवाण भिंतीला टेकवलेला आणि त्यावर आई झोपते. मी खाली गादीवर. दादा ठाण्याला असतो. आईच्या फोनवरचे आकडे त्यालाही दिसतात, त्यामुळे अलार्म वाजला की दोन मिनिटांत त्याचा फोन ठरलेला. म्हणजे एका सेन्सरमागे दोन घरं जागी.

व्हायचं असं. रात्री दोन-अडीचच्या सुमारास आकडा ५२, कधी ५५. मी धडपडत उठायचे, आईला हलवायचे. “आई, ऊठ, शुगर लो आहे, हे खा आधी.” ती अर्धवट झोपेत, “मला काही होत नाहीये गं,” म्हणत बेसनाचा लाडू खायची आणि वर दूध प्यायची. पंधरा-वीस मिनिटांत आकडा ११०. आम्हाला वाटायचं, लाडूने काम केलं. सकाळी मात्र उपाशीपोटीची शुगर २३० ते २४०. असं आठवड्यात तीन-चार रात्री.

पहिला संशय अर्थातच सेन्सरवर. कंपनीला फोन केला, त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला. नव्याचंही तेच. मग वाटलं, फोन जुना आहे. फोन बदलला. तेच. शेवटी १४ दिवसांचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यात शुगर ७० च्या खाली, म्हणजे लो, असल्याचा वेळ जवळजवळ २ टक्के दिसत होता. आकडा छोटा वाटतो, पण वयस्कर माणसांसाठी हा वेळ १ टक्क्याच्या आत, म्हणजे दिवसाला साधारण पाव तासाहून कमी हवा असतो. डॉक्टर रात्रीचं इन्सुलिन चार युनिटने कमी करायच्या विचारात होते. त्यांनी एवढंच विचारलं, “रात्री बोटातून रक्त घेऊन पाहिलंत का?” नव्हतं पाहिलं. घाईत कोण पाहतं? “मग आधी दोन आठवडे पाहा, डोसचं नंतर,” ते म्हणाले. त्या एका प्रश्नाबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

पुरणपोळी आणि ५८

उलगडा झाला तो होळीच्या दुपारी. जेवणात पुरणपोळी, वर तूप, आईने “आज एकच” म्हणत दोन खाल्लेल्या. जेवून ती आडवी झाली. अर्ध्या तासात अलार्म: ५८ आणि खाली जाणारा बाण.

आता पुरणपोळी खाल्ल्यावर अर्ध्या तासात शुगर ५८ होईल, हे कुठल्याही मराठी माणसाला पटणार नाही. ग्लुकोमीटर काढला. १७१. पुन्हा पाहिलं, १७६. एवढ्यात आई उठून बसली, आणि दहा-बारा मिनिटांत सेन्सरही गुपचूप १६०च्या पुढे गेला.

आई दुपारी झोपते ती वामकुक्षी. शब्दाप्रमाणेच, डाव्या कुशीवर. अ‍ॅसिडिटीसाठी डाव्या कुशीवर झोपलेलं बरं, असं तिला कोणीतरी सांगितलंय, त्यामुळे रात्रीही डावीच कूस. आणि ती उजव्या हाताने काम करते म्हणून सेन्सर लावला होता डाव्या दंडाला. म्हणजे रोज रात्री पूर्ण अंगाचा भार त्या रुपयाएवढ्या चकतीवर.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम प्रयोग केला. दुपारी चार वाजता, शुगर स्थिर असताना, ग्लुकोमीटरवर १३८ आणि सेन्सरवर १३१. आईला डाव्या कुशीवर पंचवीस मिनिटं झोपवलं, झोपू न देता. (ती टीव्हीवरची मालिका बघत होती, तक्रार नव्हती.) सेन्सर १३१ वरून ११२, ८७, ६६. ग्लुकोमीटर १३४. उजव्या कुशीवर वळवलं, वीस मिनिटांत सेन्सर परत १२५. तुमच्याकडे हाच त्रास असेल तर कंपनीला फोन करण्याआधी हा प्रयोग करा. एक-दोन स्ट्रिपमध्ये निकाल लागतो.

असं का होतं

हा सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाते आणि पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. साखरेशी त्याची क्रिया झाली की बारीकसा विद्युत प्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणायची ही कल्पना क्लार्क आणि लायन्स या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच मांडली होती.

त्या द्रवात साखर येते ती आजूबाजूच्या केशवाहिन्यांतून. दंडावर भार पडला की तिथला रक्तपुरवठा दबतो. आजूबाजूच्या पेशी आपली साखर वापरत राहतात, नवी मात्र येत नाही. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नसतो. त्या नखाएवढ्या जागेतली साखर खरोखरच कमी झालेली असते. बाकीच्या आईमध्ये ती भरपूर असते.

आणि लाडू? लाडवाचा काही संबंध नव्हता. मी हलवून उठवलं की आई उठून बसायची, दंडावरचा भार जायचा, आकडा आपोआप वर यायचा. श्रेय लाडवाला, आणि सकाळचे २४० आईच्या माथी.

मग सगळेच अलार्म खोटे?

इथेच जपायला हवं. कारण समजल्यावर मी इतकी खूश झाले की पुढचा अलार्म जवळजवळ दुर्लक्षित केला असता.

डॉक्टरांनी सांगितलेली नोंद मी कालनिर्णयवरच ठेवत होते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. तारखेच्या चौकोनात तीन गोष्टी: वेळ, सेन्सरचा आकडा, ग्लुकोमीटरचा आकडा. शिवाय “डा” किंवा “उ”, म्हणजे कूस कुठली. दोन आठवड्यांत सात अलार्म. सहा वेळा “डा” आणि ग्लुकोमीटर ११० ते १५० मध्ये. सातव्या वेळी मात्र कूस “उ”, सेन्सर ६१ आणि ग्लुकोमीटर ५८. खरीखुरी लो. आई घामाने भिजलेली होती आणि जीभ जड झाल्यासारखी बोलत होती.

त्या चौकोनात छापलेलं होतं: संकष्टी. होळीनंतर चौथा दिवस. चंद्रोदय साडेनऊच्या पुढे. आईने इन्सुलिन नेहमीप्रमाणे आठला घेतलं, चंद्र उगवेपर्यंत थांबली, मग “आता भूक मेली” म्हणून अर्धंच जेवली. मिक्स इन्सुलिनमधला हळू चालणारा भाग चार-पाच तासांनंतर जोरात असतो. दोन वाजता तो जेवणाची वाट पाहत होता आणि जेवण नव्हतं. आता उपासाच्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलंय आणि आईने ते देव्हाऱ्याच्या दारावर आतून चिकटवलंय. गणपतीला मान्य असावं.

दोन्ही आलेख शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो. दाबामुळे आलेली लो म्हणजे विहीर. रेष सपाट चाललेली असते, एकदम कोसळते आणि कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर येते. खरी लो म्हणजे घाट. आमच्या संकष्टीला रेष अकरापासून उतरत होती, दोनला तळाशी आली आणि ग्लुकोज दिल्यावरही रमतगमत वर चढली. हा फरक दुसऱ्या दिवशी बसून पाहायचा. रात्री अडीचला डोळे चोळत आलेख वाचून “विहीर आहे, झोपू दे” असं ठरवू नका.

रात्री अलार्म वाजला की आमच्याकडचा क्रम

आईला आवाज देते. नीट उत्तर आलं, घाम, थरथर, गोंधळ काही नसेल तर तिला उताणं करते किंवा बसवते आणि लगेच बोटातून तपासते. ग्लुकोमीटर, स्ट्रिप, सुई आणि ग्लुकोज पावडर एकाच डब्यात, उशाशी. कपाटात नाही.

ग्लुकोमीटर ७० च्या खाली, किंवा लक्षणं आहेत, किंवा कुठल्याही कारणाने तपासता येत नाहीये, तर वाद न घालता साखर द्यायची. साधारण १५ ग्रॅम: ग्लुकोज पावडरचे सपाट तीन-चार चमचे पाण्यात. १५ मिनिटं थांबून परत बोटातून तपासणी. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. या पंधरा मिनिटांत सेन्सरकडे बघून घाबरू नका, तो रक्ताच्या पाच-दहा मिनिटं, कधी जास्तच मागे असतो. ग्लुकोमीटर वर गेल्यावरही तो थोडा वेळ खालीच दाखवेल, आणि ते बघून माणूस दुप्पट साखर खाऊ घालतो.

लाडू, पेढा, बिस्किट, चॉकलेट नको. तुपामुळे पोट साखर सावकाश सोडते. शुगर सावरली आणि पुढच्या जेवणाला वेळ असला, तर मग अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही डायबेटीसची गोळी चालू असेल तर घरातली नेहमीची साखर पटकन काम करणार नाही, कारण तिचं विघटनच ती गोळी अडवते. तिथे ग्लुकोजच हवं. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना लो असताना धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. या दोन्ही गोष्टी आम्हाला औषधांच्या दुकानातल्या काकांनी सांगितल्या, मग डॉक्टरांकडून खात्री केली. आपल्या माणसाच्या गोळ्यांची यादी घेऊन एकदा विचाराच.

माणूस उठतच नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. अशा वेळी सेन्सर काय म्हणतो, याच्याशी काही देणंघेणं नाही.

ग्लुकोमीटरही फसवतो, पण त्याची कारणं साधी आहेत

मे महिन्यात एका सकाळी ग्लुकोमीटर ३१२ आणि सेन्सर १६५. आता सेन्सरला शिव्या द्यायची सवय झालेलीच होती. पण आईने नुकताच आंबा चिरला होता आणि हात पदराला पुसले होते. साबणाने हात धुवून, कोरडे करून पाहिलं तर १५८. बोटाला लागलेला हापूस रक्तात मोजला जात होता. सॅनिटायझरवर भागवू नका, साबण-पाणीच.

दुसरं, स्ट्रिपची डबी. मुंबईच्या दमटपणात मिठाच्या बरणीचं जे होतं तेच उघड्या डबीतल्या स्ट्रिपचं होतं, फक्त दिसत नाही. एक काढली की झाकण टक् आवाज येईपर्यंत लावायचं. फ्रिजमध्ये नको, स्वयंपाकाच्या ओट्यावर नको, आणि मुदत पाहायची.

दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, ते सोडून द्या. आमचा ठोकताळा असा: आकडा १०० च्या आसपास किंवा खाली असेल तर २० चा फरक चालेल, वर असेल तर २० टक्क्यांचा. तुलना करायची ती शुगर स्थिर असताना, जेवणानंतर लगेच नाही. नवा सेन्सर लावल्यावरचा पहिला दिवस त्याला माफ. तेव्हा तो जरा भरकटतोच.

जागा, ब्लाउज आणि खोबरेल तेल

उपाय सोपा निघाला: सेन्सर उजव्या दंडाला. दंडाच्या मागच्या बाजूलाच, पण जरा बाहेरच्या अंगाला. दिवाण फिरवून पाहायचाही बेत होता, पण आमच्या खोलीत दिवाण फिरवायचा म्हणजे आधी कपाट, मग फ्रिज, मग मी. राहिलं. कुठल्याही कुशीवर झोपणाऱ्यांनी एक छोटी उशी छातीशी धरून, दंड पुढे घेऊन झोपून पाहावं. भार खांद्यावर राहतो, दंडावर येत नाही. पोटावर सेन्सर लावायची परवानगी सगळ्यांना नसते, आपल्या पेटीतल्या पत्रकात दिलेली जागाच धरावी.

उजवीकडे नेल्यावर मात्र दोन सेन्सर चौथ्या-पाचव्या दिवशीच निघून आले. कारण, ब्लाउजची बाही. कोपरापर्यंतच्या घट्ट बाहीची शिवण नेमकी चकतीच्या कडेवर घासायची. शिंप्याकडून चार ब्लाउजांची उजवी बाही अर्धा इंच सैल करून घेतली. शिंप्याने विचारलं, “एकच?” आईने त्याला सेन्सर काढून… म्हणजे दाखवून सगळं समजावलं. आता त्याची बायकोही लावते म्हणे.

चिकटण्याचं बाकी शास्त्र एवढंच: लावायच्या दिवशी दंडाला तेल, क्रीम, पावडर काही नाही. आईचं रविवारचं खोबरेल तेल आम्ही सेन्सर बदलायच्या दिवसापासून लांब नेलं. साध्या साबणाने धुवायचं, स्पिरिटच्या पट्टीने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंघोळीनंतर लगेच लावू नका, कातडी आतून घामट असते. वरून चिकटपट्टी लावलीत तर ज्या सेन्सरला मधोमध बारीक भोक असतं ते झाकू नका. खाज, पुरळ, लाल चट्टा आला तर ताणू नका, काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

उलटा त्रास: वाजायला हवा तेव्हा वाजत नाही

खोटे अलार्म त्रास देतात, पण न वाजणारा जास्त घातक. आमच्याकडे एकदा रात्रभर सिग्नलच नव्हता आणि सकाळी आलेखात मोकळी जागा. फोनने बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवलं होतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपसाठी बॅटरीची बचत बंद करा, नोटिफिकेशन आणि ब्लूटूथची परवानगी द्या, आणि “व्यत्यय नको” चालू असतानाही अलार्म वाजेल अशी सोय असल्यास ती चालू करा. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की हे सगळं पुन्हा तपासा, ते गुपचूप जुन्यावर जातं. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत ठेवू नका. ब्लूटूथला मधल्या भिंतीही आवडत नाहीत आणि मधलं अंगही. आई फोनच्या उलट्या बाजूला वळली तरी कधीकधी सिग्नल जातो.

दूरच्या भावाबहिणींना आकडे दिसायला दोन्हीकडे इंटरनेट लागतं. दादाच्या फोनवर काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ होत नाही, हे त्याला एकदा समजावून सांगावं लागलं.

गणपतीचे दहा दिवस आमच्या भागात अलार्मचा काही उपयोग नसतो. तेव्हा मी फोन थरथरीवर ठेवून उशीखाली घेते.

रात्री झोप मिळावी म्हणून लो शुगरचा इशारा ६० वर आणणारे पाहिलेत. आम्ही ७० वरच ठेवलाय. काही सेन्सरांत ५५ च्या खालचा तातडीचा इशारा बंदच करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

एक राहिलं. आकडे कारणाशिवाय वरचे येत असतील तर व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आठवा. कोविडपासून आमच्या इमारतीत त्या चणे-फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात. आमच्या सेन्सरच्या पत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास आकडा खोटा वर जाऊ शकतो असं लिहिलंय, म्हणजे खरी लो त्याखाली लपू शकते. तुमच्या सेन्सरचं पत्रक बघा, मर्यादा वेगळी असू शकते.

दंड बदलल्यानंतरच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत आला. डोस डॉक्टरांनी होता तसाच ठेवला. सकाळची शुगर १४० च्या आसपास असते, कारण अडीचचा लाडू बंद झाला. आई अजून त्याची आठवण काढते. उजव्या दंडाची नवी कटकट एकच आहे: मोरीच्या दाराची चौकट. महिन्यातून एकदा तरी चकती तिथे धडकते आणि आई आतूनच ओरडते, “पडला गं, पडला!”